मल्लखांबाची पकड

गेल्या जून महिन्यात शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले असतील-नसतील, तोच आष्टीचे एक पालक आमच्या भेटीस आले. गृहस्थ आमच्याच मंडळीतील, व्यवसायाने शेतकरी, बोलण्यात अत्यंत मितभाषी. त्यांचा मुलगा आठव्या इयत्तेत आहे. थोडा वेळ पावसापाण्याचे व कापसाच्या लावणीचे बोलणे झाल्यावर त्यांनी आपल्या येण्याचे कारण सांगितले. मुलाने गावातील तालमीत जाऊन मल्लखांब शिकण्याचा हट्ट धरला होता. खेळास त्यांची हरकत नव्हती. परंतु तालमीच्या कोनाड्यात मारुतीची मूर्ती आहे, आणि खांबास हात लावण्यापूर्वी मुले तीस नमस्कार करितात, हे त्यांस ठाऊक होते. "सर, तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "पोराला पाठवू का नको? पाठवलं तर देवाचं भय वाटतं, नाही पाठवलं तर पोराचं तोंड बघवत नाही."

आम्ही त्यांस तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. 'विचार करून कळवितो' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली, हे येथे कबूल केले पाहिजे. ज्या खेळाविषयी मत द्यावयाचे तो आम्ही कधी जवळून पाहिलाही नव्हता. पुढे दोन-तीन महिने आम्ही शनिवारी सकाळी त्या तालमीच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. तेथे जे पाहिले, त्यासंबंधी जे वाचले, आणि त्यावरून आपल्या विश्वासाविषयी जे काही उमगले ते या लेखात मांडावे असा विचार आहे. आमच्या शाळेत नाना धर्मांची मुले शिकतात. जी ख्रिस्ती नाहीत त्यांसही या लेखातील निम्मा भाग उपयोगी पडेल, व उरलेला निम्मा वाचून शेजाऱ्याच्या मनात काय चालते हे कळेल, अशी आशा आहे.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. कुस्तीच्या मेहनतीस जोडीदार मिळेना, तेव्हा मल्लाने लाकडाच्या खांबासच प्रतिस्पर्धी मानिले, असा या नावाचा सरळ अर्थ आहे. खांब सागवानाचा किंवा शिसवाचा असतो. त्याचा बराचसा भाग जमिनीत पुरलेला असून वर सुमारे साडेआठ फूट दिसतो. बुंध्याशी तो जाड असतो व वर निमुळता होत जातो. मुख्य भागास अंग म्हणतात, त्यावर बारीक मान, आणि मानेवर वाटोळे बोंड. अंग, मान आणि बोंड या नावांवरूनच दिसते की खेळणाऱ्यांनी त्यास निर्जीव ओंडका कधी मानिलेच नाही. खांबास एरंडेल तेल चोळलेले असते, त्यामुळे घासून कातडी सोलली जात नाही. मात्र तेल अधिक झाले तर पकड सुटते आणि कमी झाले तर अंग भाजल्यासारखे होते. तेव्हा किती तेल लावावे हीसुद्धा एक विद्याच आहे, व ती वस्तादाच्या तळहातात असते.

पुरलेल्या खांबाखेरीज या खेळाचे आणखी प्रकार आहेत. एकात आखूड खांब साखळीने टांगलेला असतो व खेळणाऱ्याबरोबर तोही फिरतो आणि झुलतो. दुसरा प्रकार पूर्वी वेतावर करीत, परंतु चांगला वेत मिळेनासा झाल्यावर त्याची जागा सुती दोरीने घेतली. मुली बहुधा या दोरीवरच शिकू लागतात. तिसऱ्या प्रकारास निराधार मल्लखांब म्हणतात. त्यात खांब पुरलेला नसतो, नुसता उभा ठेविलेला असतो, आणि कित्येकदा तो काचेच्या बाटल्यांवर ठेविलेल्या फळीवर उभा करून त्यावर कसरत करितात. हा शेवटचा प्रकार पाहताना आमच्या तर छातीत धडधडते. त्याविषयी पुढे बोलावयाचे आहे.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या मेहनतीच्या खांबाचा उल्लेख सापडतो. पुढे कित्येक शतके याविषयी फारसे ऐकू येत नाही. नंतर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. परंपरा अशी सांगते की, निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब असे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटदादांनी ते स्वीकारले, तयारीस मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना केली, आणि तेथे त्यांस मल्लखांबाचे डाव सुचले. एका पहिलवानास त्यांनी चीत केले व दुसऱ्याने लढण्याचे नाकारले, अशी ही कथा आहे. आमचा जालना जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. तेव्हा हरलेले पहिलवान एका अर्थी आमच्या बाजूचे होते! पण ते आले नसते तर ही विद्या कदाचित जागीच झाली नसती, एवढे श्रेय मराठवाड्यास द्यावयास हरकत नाही. जाता जाता एक गैरसमज दूर करावासा वाटतो. बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांशी २० फेब्रुवारी १८१८ रोजी ज्या आष्टीस लढाई होऊन सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील. आमची आष्टी परतूर तालुक्यातील. नामसाम्यामुळे मुले परीक्षेत चुकतात, म्हणून लिहिले.

एकोणिसाव्या शतकानंतर हा खेळ तालमीतालमींतून पसरला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकार करून दाखविले, त्यांत मल्लखांबही होता. १९५८ साली दिल्लीस जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धांबरोबर त्यास प्रथम स्थान मिळाले. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली व तीत परदेशांतील मुलामुलींनीही भाग घेतला. ज्यांनी हा खेळ देशोदेशी नेला ते दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांस २०२४ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा 'हे जुन्या काळचे काहीतरी आहे' असे समजून आपल्या मुलास नाउमेद करणाऱ्या पालकांनी आपली समजूत बदलावी.

आता मुख्य विषयाकडे वळू. पाहणाऱ्यास मल्लखांबात प्रथम काय दिसते? तोल. बोंडाची बैठक तळहाताएवढी, त्यावर चौदा वर्षांचा मुलगा एका पायावर उभा आहे, आणि खाली सारे जग श्वास रोखून पाहत आहे. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांस शिकवितो की कोणत्याही पदार्थाचा गुरुत्वमध्य जोवर त्याच्या पायाच्या बरोबर वर असतो तोवर तो पदार्थ पडत नाही. पाया जितका लहान तितकी चूक लवकर महागात पडते. मनुष्याचा तोल तीन साक्षीदारांच्या एकमताने राहतो: डोळे, कानाच्या आतील पातळ द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, आणि स्नायू व सांधे यांजकडून मेंदूस क्षणोक्षणी जाणारे निरोप. मुलांनो, हे करून पाहा. एका पायावर उभे राहा आणि समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेकडे टक लावा. सहज उभे राहाल. आता तेच डोळे मिटून करा. थोड्याच वेळात घोटा थरथरू लागेल आणि दुसरा पाय आपोआप खाली येईल. तीन साक्षीदारांपैकी एकास बाहेर घालविल्याचा हा परिणाम.

हे सर्व मनात ठेवून आम्ही पहिल्या शनिवारी वस्तादांस मोठ्या ऐटीने म्हणालो, "म्हणजे सगळा खेळ तोलाचा आहे!" वस्ताद हसले. ते म्हणाले, "गुरुजी, तोल बघणाऱ्याला दिसतो. खेळणाऱ्याला पकड लागते." आणि त्यांनी एका लहान मुलास अढी दाखवावयास सांगितले.

अढी हा मल्लखांबाचा ओनामा आहे. मुलगा खांबाशी उभा राहतो, दोन्ही हातांनी खांब धरितो, आणि झोक्यासरशी कंबर वर उचलून पाय डोक्यावरून खांबाभोवती घालितो. मांड्या व पोटऱ्या यांनी खांब असा आवळला जातो की मग हात सोडले तरी चालते. डोके खाली, पाय वर, जग उलटे. पहिल्या दिवशी मुलास हे जमत नाही. त्यास वाटते की आपले हातच आपणास धरून आहेत, म्हणून तो ते सोडीत नाही. हात सुटले आणि आपण पडलो नाही, हा अनुभव एकदा आला की त्याचे तोंड पाहण्यासारखे होते. त्या दिवशी त्या मुलाने हात सोडले. तोल राखण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता, कारण खांब हलत नव्हता आणि तो खांबास धरून होता. ताजवा नावाचे जे प्रकार आहेत, ज्यांत शरीर तागडीच्या दांडीसारखे तोलून धरावयाचे असते, त्यांतही पाहणारा आडव्या अंगाकडे पाहतो व वस्ताद मात्र अंग जेथे खांबास टेकले आहे त्या ठिकाणाकडे पाहतो.

हे पाहून घरी परतताना आमच्या मनात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय घोळू लागला. पेत्र नावेतून उतरून पाण्यावर चालू लागतो, ती कथा. लहानपणापासून आम्ही ती ऐकली व मुलांस सांगितली. बहुधा असे सांगतो की पेत्राची दृष्टी प्रभूवर होती तोवर तो चालला, आणि वाऱ्याकडे पाहताच बुडू लागला. म्हणून दृष्टी ढळू देऊ नये. हे खरे आहे, आणि भिंतीवरील खुणेचा आमचा प्रयोगही तेच सांगतो. परंतु कथा तेथे संपत नाही, हे आम्ही किती वेळा विसरलो! पेत्राची दृष्टी ढळली, त्याचा तोल गेला, विश्वास कमी पडला. आणि तरीही तो बुडाला नाही. तो ओरडला, आणि प्रभूने हात पुढे करून त्यास धरिले. चांगले चालण्याने तो वाचला नव्हता. त्यास वाचविले ते त्या हाताने, आणि तेही त्याचे चालणे फसल्यावर.

उपदेशक लोक विश्वासाचे उदाहरण म्हणून ब्लाँदँ या फ्रेंच डोंबाऱ्याची गोष्ट सांगतात. आपल्याकडे डोंबारी दोन बांबूंच्या कैच्यांवर दोरी ताणून हातात आडवी काठी धरून चालतो. काठी लांब असल्याने तिचे वजन दोहों बाजूंस दूर पसरते, अंग सहजासहजी कलत नाही, आणि कलले तरी सावरण्यास वेळ मिळतो. तीच विद्या ब्लाँदँने १८५९ च्या जून महिन्यात नायगारा नदीच्या प्रचंड घळीवर करून दाखविली. प्रवचनात ऐकू येणारी गोष्ट अशी: त्याने ढकलगाडी दोरीवरून नेली व लोकांस विचारले, 'गाडीत माणूस बसवून नेईन असे वाटते का?' सगळे 'हो' म्हणाले, पण गाडीत बसावयास कोणी तयार होईना. ही गोष्ट कितपत घडली याची आम्हास शंका आहे. ती इतकी नेटकी आहे की व्यासपीठासाठीच बनविल्यासारखी वाटते. जे निश्चित घडले ते आम्हास अधिक बोधप्रद वाटते. त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी ब्लाँदँने आपला व्यवस्थापक हॅरी कोलकॉर्ड यास पाठीवर घेऊन ती दोरी ओलांडली. कोलकॉर्ड हा काही डोंबारी नव्हता. पाठीवर बसलेल्याने स्वतः तोल सावरू नये, वाहणाऱ्याच्या अंगाबरोबर आपले अंग जाऊ द्यावे, अशी ताकीद त्यास मिळाली होती असे सांगतात, आणि ते अगदी पटण्यासारखे आहे. पाठीवरचा माणूस आपल्या मताने इकडेतिकडे झुकू लागला तर दोघेही जावयाचे. कोलकॉर्डचे काम एवढेच होते की धरून राहावे.

येथे आम्हास स्वतःविषयी थोडे बोलणे भाग आहे. शिक्षकाने मासिकात आपले घरगुती दुःख मांडू नये असे आमचे मत होते व अजूनही बहुतांशी आहे. परंतु जे आम्हावर गुदरले ते २०२१ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यातील कित्येक घरांवर गुदरले आहे, म्हणून लिहितो. त्या वर्षी मे महिन्यात करोनाच्या साथीत आमचे वडील बंधू नऊ दिवसांत गेले. ते आम्हाहून सहा वर्षांनी मोठे होते. वडिलांच्या मागे त्यांनीच आम्हास शिकविले, आणि नगरास महाविद्यालयात असताना त्यांच्या मनीऑर्डरीवर आमचे जेवण चालले. त्यांच्या दफनविधीस पाळकसाहेब धरून पाच माणसे होती. त्यानंतर कित्येक महिने आम्हास प्रार्थना करिता येईना. गुडघे टेकले की शब्द सुचत नसत. वर्गात मुलांस विश्वासावर धडा देताना आमचा आवाज आम्हास दुसऱ्या कोणाचा वाटे. आम्ही विश्वास गमाविला, आता शिक्षकाची जागा सोडावी आणि निदान ढोंग तरी करू नये, असे आमच्या मनाने घेतले होते.

सोडले नाही ते केवळ सवयीमुळे. घरात संध्याकाळी दिवा लागल्यावर एक स्तोत्र मोठ्याने वाचण्याची आमच्या आजोबांपासूनची रीत आहे. मन लागत नव्हते तरी तोंड वाचीत होते. रविवारी उपासनेस पाय आपोआप जात. गीताच्या वेळी आम्ही पुस्तक उघडून गप्प उभे राहत असू, आणि शेजारचे गृहस्थ आमच्या वाटचेही गात. असे वर्ष-दीड वर्ष गेले. मग एके दिवशी, विशेष काही न घडता, प्रार्थना पुन्हा येऊ लागली.

त्या काळास आम्ही मनातल्या मनात ढोंगाचा काळ म्हणत असू. तालमीतील त्या मुलास उलटा लोंबकळताना पाहीपर्यंत आमचे ते मत कायम होते. त्या मुलास त्या क्षणी आकाश खाली व माती वर दिसत होती, त्याच्या कानातील नलिका त्यास खोटेनाटे सांगत होत्या, आणि तोल कशास म्हणतात हे त्यास सांगता आले नसते. पण महिनाभर रोज घासून घासून शिकलेल्या मांड्यांस खांब ठाऊक होता, व त्या सोडीत नव्हत्या. वस्तादांस विचारिले, "घाबरला तर?" ते म्हणाले, "घाबरला की पकड अजून घट्ट होती. ज्यानं रोज मेहनत केली त्याचं अंग भ्याल्यावर खांबाला धरतं. ज्यानं नाही केली, त्याचं अंग भ्याल्यावर खांब सोडतं." आमच्या आजोबांनी तीन पिढ्यांमागे घालून दिलेली ती दिव्याच्या वेळची रीत ही आमची अढी होती, हे आम्हास त्या ओट्यावर बसून कळले. बुद्धीने उत्तर दिले नाही तेव्हा सवयीने धरून ठेविले. आणि सवयीने तरी कशास धरिले? खांब पुरलेला होता म्हणून धरता आले.

येथे निराधार मल्लखांबाची आठवण होते. बाटल्यांवर उभा केलेला तो खांब! कौशल्याची ती कमाल आहे, आणि जे करून दाखवितात त्यांस आम्ही मनापासून मान देतो. परंतु त्यात चूक झाली तर मनुष्य, फळी, खांब आणि बाटल्या सारेच एकदम कोसळते, कारण तेथे खेळणारा खांबास आणि खांब खेळणाऱ्यास सांभाळून असतो. आपल्यातील पुष्कळ भक्तांची भक्ती अशी असते, असे आमचे निरीक्षण आहे. आपल्या प्रार्थनेच्या जोरावर देव उभा आहे, आपण ढिले पडलो तर तोही पडेल, अशा भयाने ते अहोरात्र तोल सांभाळीत असतात. दिसावयास ते अतिशय भाविक दिसतात. आम्ही स्वतःही २०२१ पूर्वी थोडेफार तसेच होतो, म्हणून हे टीकेच्या भावनेने लिहीत नाही.

उलट बाजूने एक इशाराही दिला पाहिजे. पकड आहे म्हणून वाटेल ती उडी घ्यावी असे नाही. तालमीत एका मोठ्या मुलाने वस्तादांची पाठ वळलेली पाहून, न शिकलेला डाव मित्रांस दाखविण्याकरिता केला व मनगट दुखावून घेतले. सैतानाने प्रभूस मंदिराच्या शिखरावर उभे करून उडी टाकावयास सांगितले, देवदूत झेलतील असे शास्त्रवचनही पुढे केले, आणि प्रभूने उडी टाकली नाही, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. देवाची परीक्षा पाहणे वेगळे आणि देवास धरून असणे वेगळे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे. आमच्या लहानपणी आम्हासही मल्लखांबाची हौस होती, आणि आमच्या आजोबांनी याच कारणास्तव ती पुरविली नाही. जालन्याजवळ बेथेल वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री, ज्यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या कार्यातून ज्या घराण्यांस विश्वास लाभला त्यांत आमचे घराणे एक. आजोबांच्या वडिलांनी गावकी व नातीगोती सोडून जे स्वीकारले, ते नातवाने एका नमस्कारासाठी पातळ करावे हे आजोबांस सोसणारे नव्हते. आम्ही तेव्हा रुसलो होतो. आज त्यांचा राग येत नाही. ज्याने किंमत मोजली आहे तो जपून वागतो.

तथापि करिंथकरांस लिहिलेले पौलाचे पहिले पत्र उघडून पाहावे. त्याच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत मूर्तीस वाहिलेल्या अन्नाविषयी विचार आहे, म्हणजे जवळजवळ आमच्या पालकांचाच प्रश्न. आणि या दोहोंच्या मध्ये, नवव्या अध्यायाच्या शेवटी, पौल धावण्याच्या शर्यतीचे व मुष्टियुद्धाचे दृष्टांत देतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, आणि ते खेळ पोसायडन नावाच्या ग्रीक समुद्रदेवाच्या सन्मानार्थ असत. हे पौलास व त्याच्या वाचकांस ठाऊक होते. तरी खेळाडूच्या संयमाचे उदाहरण घेताना तो अडखळला नाही. मूर्तीच्या पंक्तीस बसू नका, असेही त्याने तितक्याच स्पष्टपणे सांगितले. खेळ आणि पूजा ही दोन निराळी आहेत, एक घेता येते व दुसरे नाकारता येते, एवढा विवेक त्याने वाचकांवर सोपविला. आणि दुर्बळ बंधू अडखळत असेल तर आपला हक्क सोडावा, हेही त्याने जोडले. तेव्हा त्या मुलाच्या जाण्याने त्याच्या आईच्या किंवा आजीच्या विश्वासास धक्का बसणार असेल, तर आम्ही त्यास थांबावयास सांगितले असते.

हे सर्व ठरवूनही वस्तादांशी बोलण्याचे धैर्य आम्हास लवकर होईना. शेवटी एका शनिवारी आम्ही संकोचत विषय काढला. ते आमच्याकडे बघतच राहिले. "मारुतीराया आमचा," ते म्हणाले. "तुमच्या पोरानं हात जोडलेच पाहिजेत असं मी कधी म्हणलो? खांबाला हात लावायच्या आधी देवाचं नाव घ्यायचं, एवढाच आमचा नेम. कुण्या देवाचं, ते ज्याचं त्यानं बघावं." जो प्रश्न आमच्या घरात दोन पिढ्या अडून बसला होता, तो कोणी वस्तादांस विचारलाच नव्हता. आजोबांच्या काळच्या वस्तादांनीही हेच उत्तर दिले असते की काय, कोण जाणे.

आम्ही त्या पालकांस निरोप पाठविला. ते प्रथम एकटेच येऊन दूरवर उभे राहून पाहून गेले. दुसऱ्या शनिवारी मुलास घेऊन आले. डिसेंबरपर्यंत मुलगा अढीवरून फिरकीपर्यंत पोहोचला होता, आणि गेल्या महिन्यात तो प्रथमच बोंडावर उभा राहिला. वस्ताद खाली दोन्ही हात पसरून उभे होते, आणि ज्यांनी मुलास पाठवावे की नाही म्हणून आम्हास विचारिले होते ते गृहस्थ गादीचे एक टोक धरून होते.

मुलगा खाली उतरल्यावर आम्ही त्यास सहज विचारिले की, खांबास हात लावण्यापूर्वी तू कोणती प्रार्थना म्हणतोस? तो म्हणाला, "सर, प्रभूची प्रार्थना. पण पहिली ओळ होते न होते तोच माझी पाळी येते. उरलेली खाली उतरल्यावर म्हणतो."